शेटलंडची दरवर्षीची टोपी: फुकट पॅटर्नच्या जोरावर चाललेला लोकरीचा आठवडा

शेटलंड वूल वीक म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या बेटांवर दरवर्षी भरणारा लोकरीचा आणि विणकामाचा उत्सव. त्याचं नाव निघालं की लोक मेंढ्यांचे फोटो, रात्रभराचा बोटीचा प्रवास आणि पटापट भरून जाणारे क्लासेस ह्याबद्दल बोलतात. मला त्यातली सगळ्यात डोकेबाज गोष्ट वाटते ती म्हणजे दरवर्षी फुकट वाटला जाणारा टोपीचा पॅटर्न. वर्षाला एकच टोपी आणि तिच्याभोवती नऊ दिवसांचा कार्यक्रम. हे प्रकरण जरा नीट उलगडून बघावंसं वाटलं कारण आमच्या पुण्यातल्या विणकाम गटात दरवर्षी तोच वाद होतो, लोकांना एकत्र आणायचं कसं, प्रदर्शन लावायचं का स्पर्धा ठेवायची का आश्रमाला द्यायला स्वेटर विणायचे, आणि स्वेटर ठरले की मार्चपर्यंत अर्ध्या जणींच्या बाह्या शिल्लकच असतात.

तिथली व्यवस्था साधी आहे. आयोजक दरवर्षी एक पेट्रन निवडतात, म्हणजे त्या वर्षीचा मानाचा विणकर म्हणा, आणि त्या व्यक्तीने एक टोपी डिझाईन करायची. पॅटर्न साधारण मार्चच्या आसपास जाहीर होतो आणि कोणीही तो फुकट डाउनलोड करू शकतं. कार्यक्रम असतो सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मधल्या सहा महिन्यांत जगभरातले लोक तीच टोपी आपापल्या रंगात विणतात आणि ज्यांना जमतं ते ती डोक्यावर घालून लर्विकला उतरतात. त्यासाठी ना परीक्षक ना नंबर.

आता हे सगळं कुठे चाललंय ते थोडक्यात. शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला, ६० अक्षांशावर, शंभरेक बेटं, त्यातल्या १६ च्या आसपास बेटांवर माणसं राहतात, लोकसंख्या सगळी मिळून २३,००० च्या आसपास. लर्विक हे मुख्य गाव, आणि नकाशा बघितला तर तिथून एडिनबरापेक्षा नॉर्वेचं बर्गन जवळ पडतं. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट सुटते ती सकाळी पोचते. वारा इतका की झाडं फारशी दिसतच नाहीत, मेंढ्या मात्र जिकडे तिकडे.

ह्या बेटांवर विणकाम पोटापाण्यासाठी चालायचं. बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधायच्या, त्यावर घोड्याचे केस भरलेली एक गादी आणि गादीला भोकं, उजव्या सुईचं टोक त्या भोकात खुपसलं की सुई स्थिर आणि हात मोकळा, म्हणजे पाठीवर पीटची (जळणासाठी दलदलीतून खणून काढलेल्या मातीची) टोपली घेऊन चालता चालताही विणता येतं. तसे जुने फोटो भरपूर आहेत आणि बघताना आपल्याला कौतुक वाटतं, पण हिशोब बघितला की कौतुक जरा उतरतं. विणलेला माल दुकानदाराला द्यायचा आणि बदल्यात रोख पैसे मिळायचे नाहीत, चहा, कापड असला दुकानातलाच माल मिळायचा, तोही दुकानदार लावेल त्या भावाने. ह्या पद्धतीची चौकशी करायला सरकारला आयोग नेमावा लागला, त्याचं काम १८७२ चं, आणि त्यात विणणाऱ्या बायकांच्या साक्षी आहेत.

पुढे १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे नंतरचा आठवा एडवर्ड, गोल्फ खेळताना फेअर आइलचा रंगीत स्वेटर घालून दिसला आणि मागणी एकदम चढली. फेअर आइल हे शेटलंडमधलंच एक चिमुकलं बेट, आज तिथे साठेक माणसंही नसतील, पण एका ओळीत दोन रंग घेऊन विणायच्या पद्धतीला जगभर त्याच बेटाचं नाव आहे. मग १९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेल निघालं, सलम व्होला मोठं टर्मिनल झालं, बऱ्या पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि बायकांनी तासनतास विणून किरकोळ पैसे घेणं सोडलं. त्यात चूक काही नाही, मी पण सोडलं असतं. २०१० मध्ये तर तिथल्या कौन्सिलने खर्च कमी करायला प्राथमिक शाळांतले विणकामाचे तासच बंद केले.

आणि त्याच २०१० मध्ये वूल वीक सुरू झाला. लोकरीला पुन्हा भाव यावा म्हणून ब्रिटनमध्ये प्रिन्स चार्ल्सच्या पुढाकाराने मोहीम निघाली होती, तिच्यातलाच हा तुकडा. मेंढपाळांकडून लोकर विकत घेणारे लर्विकचे जुने व्यापारी जेमिसन अँड स्मिथ ह्यात पहिल्यापासून होते, पुढे शेटलंड ॲमेनिटी ट्रस्टने व्याप सांभाळला. २०११ मध्ये शेटलंडच्या लोकरीला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्याकडे पैठणीला जी.आय. आहे तशातला प्रकार. शाळेतून विणकाम बाहेर पडतंय आणि त्याच वेळी बाहेरच्या जगाला त्याच विणकामासाठी बोलवायचंय, अशी ती विचित्र परिस्थिती होती. टोपी ही कल्पना ह्या परिस्थितीतून आली, निदान मी तरी ती तशी वाचते.

टोपीच का?

सुरुवातीलाच टोपी नव्हती, हे लक्षात घ्या. पेट्रनची टोपी रुळली ती २०१४ च्या सुमारास. त्या वर्षी हेझल टिंडॉल ह्यांची श्वूक हॅट आली. ह्या बाई म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान विणकर म्हणून ओळखल्या जातात, २००८ च्या स्पर्धेत त्यांनी ३ मिनिटांत २६२ टाके घातले होते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड टाका, इथे आपला एक उलट टाका होईपर्यंत दूध उतू जातं.

आता स्वेटर, शाल, मोजे, हातमोजे, टोपी ह्यातलं काय द्यायचं असा प्रश्न टाकून बघा. स्वेटर बाद, कारण मापं दहा, लोकर अर्धा किलो आणि सहा महिने पुरतीलच असं नाही. शाल कोणाला बसत नाही असं होत नाही, पण लेसची शाल बघून नवशिक्या घाबरतात आणि शाल अंगावर असली तरी गर्दीत कोट आणि मफलरमध्ये लपते. मोजे बुटात जातात. हातमोज्यांना अंगठा आहे आणि दुसरा हातमोजा विणायचा कंटाळा हा जगभरच्या विणकरांचा सामाईक रोग आहे. टोपी एकच असते, दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतात, एकाच मापात पाच-सहा सेंटिमीटरचा फरक ताणून निघतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती समोरच्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असते. ओळख नसताना बोलायला सुरुवात करून देणारी वस्तू हवी असेल तर ह्यापेक्षा चांगली नाही. लग्नपत्रिका पाहुण्यालाच हाताने लिहायला लावावी आणि त्याने ती डोक्यावर घालून मांडवात यावं, असला हा मामला आहे.

माझी नणंद ॲबर्डीनला असते, ती एका वर्षी जाऊन आली. फोनवर मला म्हणाली, "अगं वहिनी, बोटीत चढल्यापासून बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतच नाहीत, डोक्याकडे बघतात." मग लगेच हाय-हॅलो, हा निळा कुठला, तो करडा डाय केलेला का मूळचा, असं सुरू. तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. म्युझियमच्या बाहेर एका तिथल्याच आजींनी तिला थांबवलं, टोपी मागितली, हातात घेऊन सरळ उलटी केली आणि आतली बाजू बघितली. बोटाने मागचे धागे हलकेच उचलून बघितले, ताण बघितला, मान हलवली आणि परत दिली. पुढची बाजू एका शब्दाने विचारली नाही! नणंदेला ते सर्टिफिकेट मिळाल्यासारखं वाटलं आणि वाटणारच, दोन रंगांच्या विणकामात खरं काय ते आतल्या बाजूलाच कळतं.

मेंढ्यांची टोपी

२०१५ ची पेट्रन होती डॉना स्मिथ आणि तिची टोपी म्हणजे बा-बल हॅट. खाली हिरवं गवत, वर रांगेने उभ्या गुबगुबीत मेंढ्या, मागे आकाश, टोकाला गोंडा. बस. पण ह्या टोपीने जी हवा केली ती आधीच्या नि नंतरच्या कुठल्या टोपीने केली नसेल, अजूनही लोक विणतातच. ज्यांना शेटलंड नकाशावर दाखवता येणार नाही त्यांनीही ही विणलेली असते.

डिझाईन म्हणून बघितलं तर ह्यात एक धाडस होतं. फेअर आइलची पारंपरिक नक्षी लहान लहान तुकड्यांची असते, एका रंगाचे टाके सलग फारसे येत नाहीत, दोन, तीन, पाच, फार तर सात. त्याला कारण आहे. दोन रंग घेऊन विणताना जो रंग वापरात नाही तो मागून आडवा जातो, आणि तो धागा जितका लांब तितका तो बोटात अडकतो, ओढला जातो, पुढची बाजू चुण्या पडल्यासारखी दिसते. जुन्या बायकांनी नक्षी तशी बसवली ती दिसायला सुंदर म्हणून तर खरीच, पण आतला धागा आखूड राहावा म्हणूनही. मेंढी हे चित्र आहे, चित्राला सलग पोट लागतं, म्हणजे सलग पांढरे टाके, म्हणजे मागे लांब धागा. मग मधेच तो धागा चालू धाग्याच्या खाली-वर करून अडकवून घ्यावा लागतो, आणि अडकवलेली जागा प्रत्येक ओळीत एकाच टाक्यावर आली तर पुढून एक उभी रेघ चमकते. म्हणून दर ओळीला एखाद-दोन टाके सरकवून अडकवायचं. हे सगळं नवशिक्याला शिकावं लागतं आणि एका टोपीत ते शिकून होतं, कारण मेंढ्यांच्या ओळी मोजक्याच, पुढे सुटकाच आहे.

जाडी पण विचार करून घेतलेली. परंपरेची लोकर बारीक, २५ ग्रॅमच्या गुंड्यात शंभरच्या वर मीटर धागा. बा-बल जाड लोकरीवर आहे, टाके कमी, काम भरभर, आणि पहिल्यांदाच दोन रंग हातात धरणाऱ्या माणसाला टाका डोळ्याला दिसतो. परंपरेच्या कडक बाजूने बघणाऱ्यांनी म्हणावं की ही फेअर आइल नव्हेच, आणि तसं म्हणायला जागा आहे. पण ज्यांना आत आणायचंय त्यांच्यासाठी उंबरठा खाली घेणं हा निर्णय होता आणि तो मला पटतो, कारण पुढच्या वर्षांत टोप्या परत बारीक लोकरीकडे आणि नक्षीकडे गेल्या.

२०१६ ला एला गॉर्डनची क्रॉफ्टहूस हॅट, तिच्यावर तिथली बैठी घरं. २०१७ ला गुडरून जॉन्स्टनची बूस्टा बीनी, ही शुद्ध नक्षी, दोनच रंगात होते आणि माझ्या मते सगळ्यांत देखणी. २०१८ ला एलिझाबेथ जॉन्स्टनची मेरी डान्सर्स टूरी, उत्तरेच्या आकाशातल्या हलणाऱ्या प्रकाशावर. २०१९ ला पेट्रन म्हणून ऑलिव्हर हेन्री आणि सॅन्ड्रा मॅन्सन, दोघंही जेमिसन अँड स्मिथमधले, आणि ऑलिव्हर हेन्री तर आयुष्यभर लोकर हाताने निवडून प्रतवारी लावणारा माणूस. मेंढीच्या अंगावरच्या लोकरीत मानेची वेगळी, पाठीची वेगळी, मागच्या पायांची जाडीभरडी, हे बोटांना कळणारी माणसं फार थोडी. अशा माणसाला टोपीचा मान देणं हे मला आवडलं, मान फक्त सुई चालवणाऱ्यांचाच का असावा.

घेराचं गणित

टोपी डिझाईन करणं म्हणजे एक भागाकार आहे आणि तो आधी सुटला नाही तर पुढे काहीच सुटत नाही. समजा डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर. टोपी त्याहून लहान हवी, पाचेक सेंटिमीटर, म्हणजे ५१ च्या आसपास, नाहीतर वाऱ्यात उडेल. बारीक लोकरीत दोन रंगांनी विणलं की १० सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके बसतात, म्हणजे हिशोबाने १४३. आता नक्षीची एक जोडी, म्हणजे परत परत येणारा तुकडा, जर २४ टाक्यांची असेल तर २४ ने भाग गेला पाहिजे, म्हणून १४४ घ्यायचे, सहा जोड्या, घेर ५१.४. जमलं. नक्षी २२ टाक्यांची काढली असती तर १३२ किंवा १५४, एक घट्ट एक ढगळ, आणि मग सुई बदलत बसा.

हा १४४ आकडा वरच्या भागासाठीही सोन्यासारखा आहे. डोक्याच्या वरचा गोल बंद करायला सहा भाग पाडायचे, प्रत्येकी २४ टाके. प्रत्येक भागाच्या मध्यावर तीन टाक्यांचा एक करायचा, त्यात मधला टाका वर राहील असा, म्हणजे दोन टाके एकदम सुलट घेतल्यासारखे सरकवायचे, तिसरा विणायचा आणि सरकवलेले दोन त्यावरून टाकायचे. अशाने एका ओळीत १२ टाके कमी होतात. एक ओळ घटवायची, एक साधी, असं अकरा वेळा केलं की १२ टाके राहतात, त्यातून धागा ओवून ओढून घ्यायचा. वरून बघितलं की सहा पाकळ्यांची चांदणी दिसते. टोपीचं डिझाईन करणाऱ्याचा खरा कस इथे लागतो, कारण टाके कमी होत असताना नक्षी पण अरुंद होत जाते आणि प्रत्येक ओळीत ती अर्धी तुटल्यासारखी दिसता कामा नये. चांगल्या शेटलंड टोपीचा फोटो लोक नेहमी वरून काढतात तो ह्याच्यासाठी.

बॉर्डर हा वेगळा विषय. आपण एक सुलट एक उलट करतो तसंच, पण सुलट एका रंगात आणि उलट दुसऱ्या रंगात अशी दुरंगी बॉर्डर तिथे लाडकी. दिसते छान, ताणते मात्र साध्या बॉर्डरपेक्षा बरीच कमी, कारण मागून धागा जातोय. मोठ्या डोक्याच्या माणसाला द्यायची असेल तर ह्या मोहात पडू नका.

अजून एक छोटी गोष्ट जी पुस्तकात वाचून कळत नाही, हातात घेतली की कळते. दोन धाग्यांतला जो मागून खालच्या बाजूने जातो त्याचे टाके किंचित मोठे दिसतात, जो वरून जातो त्याचे दबतात. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून आणि जमिनीचा रंग कायम वरून, आणि एकदा ठरवलं की शेवटच्या ओळीपर्यंत तेच. मधे चहाला उठून परत बसताना धागे अदलाबदल झाले तर तेवढ्या ओळीत नक्षी फिकी पडते, कोणाला कारण सांगता येणार नाही पण काहीतरी बिघडलंय एवढं सगळ्यांना दिसतं.

विणून झालं की धुवायचं. कोमट पाण्यात अर्धा तास, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि मग योग्य मापाच्या वाडग्यावर किंवा फुगवलेल्या फुग्यावर चढवून वाळू द्यायचं, बॉर्डर सोडून. शेटलंडची लोकर पाण्यातून निघाली की फुलते, टाके एकमेकांना धरून बसतात, उंचसखल बसून जातं.

आणि इथेच आपल्याकडे गाडी अडते. पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती वर्धमान नाहीतर ओसवालची, आणि त्यातली बरीचशी ॲक्रिलिक. रंग झकास, धुवायला सोपी, पण धागा गुळगुळीत, मागचे धागे एकमेकांना चिकटत नाहीत, सरकतात, आणि पाण्यात भिजवून काही बसत नाही. वाफ द्यावी तर टोपी मेल्यासारखी लोळागोळा होते. त्यावर आमच्या गटातल्या एका काकूंनी काढलेला उपाय चांगला आहे. टोपी आतली बाजू बाहेर ठेवून विणायची, म्हणजे काम आपल्या समोर पलीकडच्या कडेला चालू आणि मागचा धागा बाहेरच्या वळणावरून जातो, त्याला आपोआप जरा जास्त लांबी मिळते, चुण्या पडत नाहीत. ह्या युक्तीने घट्ट हाताच्या बायकाही सुटतात.

पैसा, गर्दी आणि शनेल

पॅटर्न फुकट म्हणजे कोणीतरी उदार झालं असं वाटू शकतं. पण पॅटर्नमध्ये लोकर कुठली ते लिहिलेलं असतं, तिथली, शेड नंबरसकट. टोपी कितीही लहान असली तरी चार रंग म्हणजे चार गुंड्या, आणि २५ ग्रॅमची गुंडी असल्यामुळे माणूस सहज पाच घेतो. घरबसल्या मागवणारा आज टोपीची लोकर घेतो, उद्या स्वेटरची. शिवाय जो सहा महिने ते रंग आणि ती नावं घेऊन बसलाय त्याला ती जागा बघावीशी वाटते. तिथे गेलं की क्लासेस, कातरणीची प्रात्यक्षिकं, मेंढपाळांच्या घरी भेटी, बाजार, जुन्या विणकामाचं प्रदर्शन. म्युझियममध्ये गनिस्टरच्या माणसाच्या कपड्यांच्या प्रतिकृती आहेत. १९५१ मध्ये पीटच्या दलदलीत सापडलेला सतराव्या शतकाच्या शेवटचा हा माणूस, त्याच्याजवळ विणलेल्या टोप्या होत्या आणि एक रंगीत पट्टीची विणलेली पैशाची पिशवी.

गर्दीचा त्रास आहेच. बेटावर हॉटेलं मोजकी, राहण्याची सोय महिनोन्महिने आधी संपते, नावाजलेल्या शिक्षकांचे क्लास उघडले की संपले. ज्याला सुट्टी, व्हिसा आणि पैसा तिन्ही जमतं तोच जाणार. आमच्यासारख्यांना टोपीवरच समाधान, आणि मला वाटतं हेच ह्या रचनेचं बळ आहे. २०२० मध्ये कोविडमुळे सगळं रद्द होऊन ऑनलाइन गेलं तेव्हा ते लख्ख दिसलं. त्या वर्षीची विल्मा माल्कमसन ह्यांची केटीज केप टोपी ठरल्याप्रमाणे आली आणि घरात अडकलेल्या लोकांनी ती विणलीच. कार्यक्रम रद्द करता येतो, पॅटर्न परत घेता येत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण त्याच २०१५ सालचं. मेंढ्यांची टोपी जगभर फुकट फिरत होती त्याच वर्षाच्या शेवटी शनेल ह्या फ्रेंच फॅशन कंपनीच्या रोममधल्या शोमध्ये काही स्वेटर आले, आणि ते फेअर आइलवर राहणाऱ्या माटी व्हेंट्रिलॉन ह्या डिझायनरच्या कामासारखे हुबेहूब होते. तिने आवाज उठवला, शनेलने माफी मागितली आणि तिच्या डिझाईनचं श्रेय द्यायचं कबूल केलं. दोन्हीकडे डिझाईन फुकटच बाहेर गेलं, पण एकीकडे देणाऱ्याचं नाव टोपीवर चिकटलेलं आहे. डॉना स्मिथचं नाव न घेता बा-बल विणणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

हे वाचून कोणी म्हणेल आपल्याकडे पण दख्खनी मेंढी आहे, धनगर आहेत, घोंगडी आहे, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते, मग आपणही करू. करावं, पण टोपीने नाही. दख्खनी लोकर राठ आहे, घोंगडी म्हणून पावसात तिला तोड नाही, कपाळावर मात्र अर्ध्या तासात खाज सुटेल. शेटलंडने टोपी निवडली कारण त्यांच्या लोकरीला टोपी शोभते. आपल्या लोकरीची वस्तू वेगळी निघेल, आसन, पिशवी, काहीतरी जे अंगाला लागत नाही, आणि ते शोधायला घोंगडीवाल्यांबरोबरच बसावं लागेल, आम्ही शहरात बसून ठरवून उपयोग नाही.

आमच्या गटापुरतं मात्र टोपीवर ठरलंय. स्वेटर बंद. पैठणीच्या काठाची नारळी किनार घ्यायची, तिचे त्रिकोण दोन रंगात चांगले येतात. पहिल्या आलेखात त्रिकोण १२ टाक्यांच्या जोडीत काढला होता, पायाला ११ टाके सलग आणि टोकाला उलट बाजूने परत ११, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये साडेपाच सेंटिमीटरचा धागा मागे लोंबणार. तो ८ वर आणला, ७-५-३-१ अशा चार ओळी, आता सगळ्यात लांब धागा ७ टाक्यांचा आणि कुठेच अडकवायची गरज नाही. घेर ९६ टाके, बारा त्रिकोण, वर आठ भाग करून बंद. मोठं डोकं असेल तर टाके तेच ठेवून सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्यायची. आलेख श्रावणात सगळ्यांना पाठवायचा, भेटायचं डिसेंबरमध्ये, सकाळी लवकर, टोपी घालता येईल अशा थंडीत. लोकर कुठल्या दुकानातून घ्यायची ह्यावर अजून भांडण चालू आहे, कारण एकीला मरून हवाय आणि तो लॉट संपलाय.